सरस, साय आणि चायना ग्रास : कलिलांच्या इतिहासातल्या दोन गृहिणी



शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कलिल’ नावाचा एक भाग असतो. इंग्रजीत त्यालाच कोलॉइड म्हणतात. मुलं त्याच्या आठ प्रकारांचा तक्ता पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. पण तो तक्ता आपण बायकांनी वाचला तर लगेच लक्षात येतं की यातली निम्मी उदाहरणं आपल्या ओट्यावरची आहेत. दूध, लोणी, दही, ताकावरचा फेस, फोडणीचा धूर, जेली.

मी वाणिज्य शाखेची. प्रयोगशाळेशी माझा संबंध शाळेतच संपला. पण हिशेब वाचायची सवय आहे, आणि इतिहास हाही एक हिशेबच असतो. कुणी काय जमा केलं, कुणाच्या नावावर नोंद झाली आणि कुणाची नोंद राहून गेली, हे त्यात बघायचं. कलिलांच्या वहीत दोन मोठ्या नोंदी दोन गृहिणींच्या आहेत. एकीच्या नावावर नोंद झाली, दुसरीच्या नावावर बराच काळ झाली नाही. शिवाय आपण पाळतो त्या अहिंसेचा या विषयाशी अगदी जवळचा संबंध आहे. म्हणून आज ही गोष्ट सांगते.

कलिल म्हणजे काय

तीन पेले डोळ्यांसमोर आणा. पहिल्यात साखरेचं पाणी. साखर विरघळली, पाणी नितळ राहिलं, कितीही वेळ ठेवलं तरी साखर खाली बसत नाही. हे द्रावण. दुसऱ्यात रेती घातलेलं पाणी. ढवळलं की गढूळ, ठेवलं की रेती तळाशी. हे निलंबन. तिसऱ्या पेल्यात दूध. ते नितळही नाही आणि त्यातलं काही लगेच खालीही बसत नाही. फडक्यातून गाळलं तरी दूध दूधच राहतं. हे कलिल.

फरक कणांच्या आकाराचा आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारण १ ते १००० नॅनोमीटर आकाराचे कण दुसऱ्या पदार्थात पसरलेले असले की त्याला कलिल म्हणायचं. साखरेचा रेणू याहून लहान, रेतीचा कण याहून खूप मोठा. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे बारीक गोळे बरोबर या मधल्या मापात बसतात.

पोथ्यांची शाई

नाव नव्हतं तेव्हाही माणसं कलिलं तयार करत होती. सर्वांत जवळचं उदाहरण आपल्या हस्तलिखितांचं. जुनी काळी शाई म्हणजे दिव्याची काजळी, पाणी आणि डिंक. नुसती काजळी पाण्यात टाकून बघा. ती वर तरंगते, नाहीतर गोळा होऊन बसते. तीच काजळी डिंकाच्या पाण्यात खूप वेळ घोटली की एकजीव होते. डिंक प्रत्येक कणाभोवती पातळ आवरण घालतो, कण एकमेकांना चिकटत नाहीत, आणि लेखणीतून शाई सारखी उतरते.

जैसलमेर आणि पाटणच्या ग्रंथभांडारांत ताडपत्रांवर आणि कागदावर लिहिलेले ग्रंथ शेकडो वर्षांनंतरही वाचता येतात. काजळी उडत नाही, फिकी पडत नाही. चीनमध्ये शाई बांधायला जनावरांपासून काढलेला सरस वापरत. आपल्याकडच्या पोथ्यांच्या शाईत झाडाचा डिंक असे. सरस की डिंक, हा प्रश्न या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे.

नावच सरसाचं

या सगळ्याला नाव दिलं थॉमस ग्रॅहम यांनी. ग्लासगो शहरात १८०५ साली जन्मलेले हे रसायनशास्त्रज्ञ १८५५ पासून अखेरपर्यंत लंडनच्या सरकारी टांकसाळीचे प्रमुख होते. नाण्यांच्या कामाबरोबर त्यांचे प्रयोग चालू असत. त्यांनी पाहिलं की मीठ, साखर असे पदार्थ पाण्यात भराभर पसरतात. सरस, डिंक, स्टार्च, अंड्याचा पांढरा भाग हे मात्र फार हळू पसरतात.

मग त्यांनी एका कड्यावर चर्मपत्रासारखा कागद ताणून बसवला, म्हणजे आपली चाळणीच म्हणा, आणि ती पाण्यावर ठेवली. वर मिठाचं आणि सरसाचं मिश्रण ओतलं. मीठ कागदातून खालच्या पाण्यात उतरलं, सरस वरच राहिला. १८६१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. सरसाला ग्रीक भाषेत ‘कोल्ला’ म्हणतात, त्यावरून त्यांनी अशा पदार्थांना कोलॉइड हे नाव दिलं. आणि वेगळं करण्याच्या या रीतीला नाव दिलं डायलिसिस.

हो, तोच डायलिसिस. ग्रॅहम यांनी याच रीतीने मूत्रातून युरिया वेगळा काढून दाखवला होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरांनी लाकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळली, त्यातून रुग्णाचं रक्त फिरवलं आणि पिंप मिठाच्या पाण्यात फिरतं ठेवलं. रक्तातली प्रथिनं कलिल असल्यामुळे नळीतच राहिली, युरिया बाहेर गेला. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई या यंत्रामुळे वाचली. आज आपल्या ओळखीत कुणी ना कुणी डायलिसिसवर असतं. आठवड्यातून दोन-तीन वेळा त्या खुर्चीवर जो उपचार होतो त्याची सुरुवात टांकसाळीच्या प्रमुखाच्या त्या कागदी चाळणीपासून झाली.

एक गोष्ट मात्र आपल्या मनात राहते. हा सरस जनावरांच्या कातड्यांपासून आणि हाडांपासून काढतात. त्याचंच शुद्ध केलेलं रूप म्हणजे जिलेटिन. म्हणजे या शास्त्राला नाव मिळालं तेच मुळी अशा पदार्थावरून, जो आपल्या घरात येऊ नये म्हणून आपण पाकिटं उलटून वाचतो.

कवडशातलं शास्त्र

दुपारी बंद खोलीत फटीतून ऊन आलं की कवडशाचा पट्टा दिसतो आणि त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. मंदिरात धूप लावल्यावर हा पट्टा जास्तच ठळक होतो. नितळ हवेत प्रकाशाची वाट दिसत नाही. मध्ये बारीक कण असले तर ते प्रकाश बाजूला उधळतात, म्हणून ती दिसते. आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८६९ च्या सुमारास याचा नीट अभ्यास केला, म्हणून पुस्तकात याला टिंडल परिणाम म्हणतात. साखरेच्या पाण्यातून बॅटरीचा झोत टाका, वाट दिसणार नाही. पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून बघा, लगेच दिसेल.

त्याआधी १८५७ साली मायकेल फॅरडे यांनी सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात तयार केले की पाणी माणकासारखं लाल दिसू लागलं. त्यांच्या त्या बाटल्यांपैकी काही आजही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवल्या आहेत. काचेत सोन्याचे असेच कण पसरवून लाल काच करण्याची कला तर त्याच्याही आधीची. त्या काचेचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड झिगमोंडी यांनी जर्मनीत १९०३ साली हेन्री झीडेनटॉप्फ यांच्याबरोबर असा सूक्ष्मदर्शक तयार केला, ज्यातून हे कण प्रकाशाच्या ठिपक्यांसारखे दिसले. झिगमोंडी यांना १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे कण कधी स्वस्थ बसत नाहीत. पाण्याचे रेणू त्यांना सतत सगळीकडून धक्के देत असतात. फ्रान्समधल्या झाँ पेरँ यांनी ही हालचाल मोजून रेणू खरोखर असतात हे सिद्ध केलं आणि १९२६ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलं. त्यांनी मोजणीसाठी गँबोज नावाच्या पिवळ्या राळेचे कण वापरले. ही राळ ज्या झाडांची, ती आपल्या कोकमाची भावंडं. दोघांचं शास्त्रीय कुळनाव गार्सिनिया असंच आहे.

आठ प्रकार, आपल्या घरातले

पहिल्या महायुद्धाच्या काळात वोल्फगांग ओस्टवाल्ड या जर्मन शास्त्रज्ञांनी कलिलांवर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच या जगाला दुर्लक्षित मापांचं जग म्हटलं. फार मोठ्याकडे आणि फार लहानाकडे लोकांचं लक्ष गेलं होतं, मधलं राहिलं होतं. कलिलांची वर्गवारीही त्यांचीच. पसरलेला पदार्थ घन, द्रव की वायू, आणि तो कशात पसरला, घनात, द्रवात की वायूत, एवढंच बघायचं. तीन त्रिक नऊ होतात. पण वायूत वायू पूर्ण मिसळून जातो, त्याचं कलिल होत नाही. उरले आठ.

१. द्रवात घन : शाई, भिंतीचा रंग, गढूळ पाणी.
२. द्रवात द्रव : दूध. याला मराठीत पायस म्हणतात. खिरीचं नाव शास्त्राने उचललं आहे.
३. द्रवात वायू : साबणाचा फेस, ताक घुसळताना येणारा फेस.
४. घनात द्रव : जेली, कवडीचं दही, लोणी.
५. घनात घन : रंगीत काच.
६. घनात वायू : पाय घासायचा हलका वज्री दगड, गादीचा फोम.
७. वायूत द्रव : धुकं, ढग.
८. वायूत घन : धुपाचा, चुलीचा, फोडणीचा धूर.

लोणी आणि तूप

यातल्या लोण्याकडे जरा थांबून बघू. सायीमध्ये पाण्यात स्निग्धाचे थेंब पसरलेले असतात. घुसळताना ते थेंब एकमेकांवर आपटतात, त्यांची आवरणं फुटतात, ते जुळतात, आणि एका क्षणी सगळं उलटं होतं. आता स्निग्धात पाण्याचे थेंब अडकलेले असतात. म्हणजे साय आणि लोणी यांत जिन्नस जवळपास तेच, पण कोण कशात आहे ते बदललं. लोणी ‘आलं’ असं आपण म्हणतो तो हाच क्षण.

बाजारच्या लोण्यातही साधारण १६ टक्के पाणी असतं. कढवायला ठेवलं की आधी तडतड आवाज येतो, तो हे पाणी उडण्याचा. आवाज थांबला, बेरी खाली बसली, की कलिल संपलं आणि तूप उरलं. लोणी काढल्यावर ठेवून द्यायचं नाही, दोन घडींच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत कढवायचं, ही आपल्या घरांतली मर्यादा आहे. तिचा आधार आपल्या आगमात आहे, त्याला शास्त्रज्ञाच्या शिक्क्याची गरज नाही. पण लोण्यात पाणी अडकलेलं असतं आणि तुपात ते नसतं, ही वस्तुस्थिती समजली की लोण्याला आणि तुपाला वेगळे नियम का, हे सुनांना, नातींना समजावून सांगणं सोपं जातं.

तुरटी तोडते, डिंक जपतो

आपण पाणी गाळतो, जिवाणी परत सोडतो. पण पावसाळ्यातलं गढूळ पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं तरी मातकट रंग जात नाही, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मातीचे ते कण कलिलाच्या मापाचे असतात, फडक्याची छिद्रं त्यांच्यासाठी दरवाजाएवढी. या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि खाली बसत नाहीत. तुरटी फिरवली की तिच्यातलं ॲल्युमिनियम तिप्पट धन भार घेऊन येतं. भार फिटतो, कण जुळतात, जड होतात, तळाशी जातात. भार जितका जास्त तितकं हे काम कितीतरी पटीने जोरात होतं, हा नियम शुल्झ यांनी १८८२ मध्ये आणि हार्डी यांनी १९०० मध्ये मांडला. दुधात लिंबू पिळून पनीर करताना आपण हेच करतो. लिंबाचं आम्ल केसीनवरचा भार काढून घेतं आणि दूध फाटतं.

नदीचं गढूळ पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मिळतं तिथे गाळ बसतो, त्याचंही एक मोठं कारण हेच. मीठ कलिल तोडतं.

याच मिठाने पंजाबातल्या तेलविहिरी अडवल्या होत्या. अटॉक ऑइल कंपनी जमिनीत भोक पाडताना ओली माती वापरायची, आणि खालचं खारं पाणी लागलं की ती माती घट्ट होऊन काम बंद पडायचं. लाहोरला पंजाब विद्यापीठात असलेल्या शांतिस्वरूप भटनागर यांना याबद्दल विचारलं गेलं. त्यांनी लंडनमध्ये पायसांवर संशोधन केलेलं होतं. त्यांनी यंत्र बदलायला सांगितलं नाही. मातीत भारतीय डिंक मिसळा म्हणाले. डिंकाने मातीच्या कणांना आवरण घातलं, खारं पाणी लागूनही माती सैल राहिली. पोथीच्या शाईतला तोच गुण. कंपनीने खूश होऊन संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. भटनागरांनी ते स्वतःकडे न घेता विद्यापीठातल्या संशोधनाला दिले. पुढे १९४२ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे ते पहिले संचालक झाले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्याच परिषदेची.

भांडी घासताना : ॲग्नेस पॉकेल्स

आता पहिल्या गृहिणीकडे येते. त्याआधी एक छोटा हिशेब. पनीरचा एक सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच कापत कापत दहा नॅनोमीटरच्या तुकड्यांपर्यंत नेला, तर सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसहा हजार चौरस फूट. बोटाच्या पेरावर मावणारा तुकडा, आणि पृष्ठभाग एका मोठ्या मंगल कार्यालयाएवढा. म्हणून कलिल समजून घ्यायचं तर पृष्ठभागावर काय घडतं ते समजायला हवं. आणि ते मोजायची रीत एका स्वयंपाकघरातून आली.

ॲग्नेस पॉकेल्स यांचा जन्म १८६२ चा, व्हेनिसचा. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते, मलेरियाने तब्येत बिघडली म्हणून निवृत्त झाले आणि कुटुंब जर्मनीत ब्राउनश्वाइगला आलं. ॲग्नेसला शाळेत विज्ञानाची गोडी लागली, पण तेव्हा मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. धाकटा भाऊ फ्रिड्रिख गटिंगनला भौतिकशास्त्र शिकायला गेला. ही घरी राहिली, घर सांभाळलं, आजारी आईवडिलांचं केलं, आणि भावाने आणलेली पुस्तकं वाचली.

भांडी घासताना तिने काय पाहिलं? स्वच्छ पाण्याचा पृष्ठभाग वेगळा वागतो आणि तेलकट पाण्याचा वेगळा. हे आपण सगळ्याच बघतो. तिने ते मोजायचं ठरवलं. वयाच्या विशीच्या आसपास तिने पत्र्याची एक लांबट पन्हळ केली. ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ उंच. ती पाण्याने काठोकाठ भरायची, वर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवायची. पट्टी सरकवली की पाण्यावरचा तेलाचा थर एका बाजूला दाबला जातो. पृष्ठभागाला टेकवलेली छोटीशी चकती वर उचलायला किती जोर लागतो, ते तराजूने तोलायचं. जागा कमी होत होत एका ठरावीक मापाला आली की पृष्ठभागाचा ताण अचानक बदलतो, हे तिला सापडलं. तो थर एका रेणूइतका जाड असतो, हे नंतर लोकांना कळलं.

दहा वर्षं हे काम घरात होतं. जवळच्या विद्यापीठातल्या मंडळींनी त्याची दखल घेतली नाही. इंग्लंडमधले लॉर्ड रेली याच विषयावर काम करत आहेत असं वाचल्यावर जानेवारी १८९१ मध्ये तिने त्यांना जर्मन भाषेत पत्र लिहिलं. रेली यांनी त्याचं भाषांतर करवून घेतलं आणि ते ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवलं. सोबत लिहिलं की या जर्मन बाईंनी अगदी घरगुती साधनांनी मोलाचे निष्कर्ष काढले आहेत. १२ मार्च १८९१ रोजी ते पत्र तिच्या नावाने छापून आलं.

मला यात रेली यांचंही कौतुक वाटतं. तेच काम ते स्वतः करत होते. पत्र टेबलाच्या खणात राहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी नोंद तिच्या खात्यावर केली. ॲग्नेस यांनी पुढेही घर सांभाळत लेख लिहिले. १९३२ साली, सत्तराव्या वर्षी, ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, आणि कलिलांची वर्गवारी करणाऱ्या त्याच ओस्टवाल्ड यांनी त्यांच्या कामावर गौरवाचा लेख लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेच्या अर्व्हिंग लँगम्युअर यांना पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळालं. त्यांचं उपकरण म्हणजे ॲग्नेसच्या पन्हळीचीच सुधारलेली आवृत्ती होती.

जेली न वितळणारी : फॅनी हेसे

दुसरी गृहिणी फॅनी हेसे. जन्म १८५० चा, न्यूयॉर्कचा. लग्न जर्मन डॉक्टर वॉल्टर हेसे यांच्याशी. १८८१ साली वॉल्टर बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करायला गेले. रोगजंतू वेगवेगळे करून ओळखायचे तर ते कशावर तरी वाढवावे लागतात. त्यासाठी तिथे जिलेटिनचा थर वापरत. पण उन्हाळा आला की थर वितळायचा. जंतू वाढायला शरीराएवढी, म्हणजे ३७ अंशांची ऊब लागते, आणि त्या उबेला जिलेटिन टिकत नाही. शिवाय काही जंतू जिलेटिनच खाऊन त्याचं पाणी करत.

फॅनी घर सांभाळून नवऱ्याला कामात मदत करायच्या, त्याच्यासाठी चित्रं काढायच्या. वैतागलेल्या वॉल्टरने एकदा विचारलं की तुझ्या जेली आणि पुडिंग उन्हाळ्यात कसे वितळत नाहीत? तिने सांगितलं, मी त्यात अगर घालते. न्यूयॉर्कला असताना जावाहून आलेल्या एका डच शेजारणीकडून ती हे शिकली होती. अगर म्हणजेच आपलं चायना ग्रास, समुद्री शेवाळापासून केलेलं. ते वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि एकदा वितळलं की ४० अंशांच्या खाली येईपर्यंत पुन्हा घट्ट होत नाही. बहुतेक जंतूंना ते पचतही नाही.

प्रयोगशाळेतलं जिलेटिन गेलं, अगर आलं. कॉख यांच्या १८८२ च्या क्षयरोगाच्या जंतूवरच्या निबंधात अगरचा उल्लेख आहे. फॅनीचा नाही, वॉल्टरचाही नाही. आज जगभरच्या जंतू तपासणाऱ्या लॅबमध्ये छोट्या बशीत अगर ओतलेलं असतं. तुमच्या घरात कुणाची ‘कल्चर’ची तपासणी झाली असेल तर ती त्या डच शेजारणीच्या पाककृतीवर झाली आहे. फॅनीचं नाव पुढच्या अभ्यासकांनी शोधून वहीत घातलं. शेजारणीचं नाव अजूनही कोरं आहे.

आपल्यासाठी यात काय

जनावराच्या सरसाची जागा वनस्पतीने घेतली, आणि ती दयेपोटी नव्हे तर जास्त चांगलं काम करते म्हणून घेतली, हे मला महत्त्वाचं वाटतं. ‘जिलेटिनशिवाय हे होत नाही’ असं कुणी सांगितलं तर निदान १८८२ पासून त्याला उत्तर आहे.

जिलेटिन आज जेलीच्या गोळ्या, मार्शमेलो, काही तयार मिठाया आणि औषधांच्या कॅप्सूल यांत असतं. जुन्या फोटोंच्या फिल्मवरचा थरही जिलेटिनचाच असे. पाकीटबंद खाद्यपदार्थांवर हिरवा ठिपका असतो तो बघावाच, पण तेवढ्यावर थांबू नये. हिरव्या ठिपक्यात मध आणि कंदमूळही येतं. घटकांची यादी वाचावी. ४०६ हा आकडा अगरचा, ४४० हा पेक्टिनचा. पेक्टिन सफरचंदाच्या चोथ्यातून आणि संत्र्या-लिंबांच्या सालींतून काढतात.

चायना ग्रासबद्दलही एक बोलते. ते शेवाळापासून होतं आणि आपल्याकडे शेवाळाची गणना अनंतकायात होते. म्हणून कडक नियमाच्या घरांत तेही चालत नाही. ज्यांनी त्यांनी आपला नियम बघावा, शंका असेल तर महाराजांना, माताजींना विचारावं. चौक्यातल्या किंवा पर्वातल्या पदार्थाला घट्टपणा हवाच असेल तर मक्याचं पीठ आहे, पेक्टिन आहे, आणि आटवलेलं दूध तर आहेच.

औषधाच्या कॅप्सूलचं वेगळं. वनस्पतीपासून केलेल्या कॅप्सूल आता मिळतात. डॉक्टरांना आणि औषधवाल्यांना आधी विचारावं, तेच औषध गोळीच्या किंवा पातळ रूपात मिळतं का तेही विचारावं. पण आपल्या मनाने औषध बंद करू नये, आणि कॅप्सूल फोडूनही घेऊ नये, काही औषधं तशी घेतली तर त्रास होतो.

आणि एक काम मी तुम्हाला देते. तुमच्या सासूबाईंकडून, आईकडून, शेजारणीकडून शिकलेली एखादी युक्ती असेलच. लोणी लवकर यायची, ताक फाटू न द्यायची, डिंक फुलवायची, वडी जमवायची. ती वहीत लिहा, आणि खाली लिहा कुणाकडून शिकलात, कोणत्या गावी, कोणत्या साली. ॲग्नेसची नोंद राहिली ती तिने पत्र लिहिलं म्हणून. पुढच्या वेळी मला भेटाल तेव्हा त्या वहीतली एक तरी युक्ती, नावासकट, सांगा.

जय जिनेंद्र.